बोटीच्या ट्रॉलीचे दिवे: निफाड ते घोलवड आणि परत

या वर्षी समुद्रावर जायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं आणि भास्कररावांनी मान हलवली होती. भास्करराव म्हणजे आमचे यजमान. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे आणि दरवर्षी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, सुरू व्हायच्या आधी चार दिवस काढून आम्ही गाडीला बोट जोडून घोलवडला जातो. एकदा छाटणी लागली की मार्च संपेपर्यंत घराबाहेर पाऊल पडत नाही. हौस पूर्णपणे त्यांची. मला समुद्राचं एवढं काही नाही, दुपारी दोन तास कुणी न उठवता झोपायला मिळालं तरी माझी सहल होते.

द्राक्षवाल्यांना बोट कशाला, हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, म्हणून एकदाच सांगून टाकते. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की आमची पाणी उपसायची तरंगती मोटर मधोमध अडकून बसते. तिथवर जायला म्हणून भास्कररावांनी एका बंद पडलेल्या रिसॉर्टची चौदा फुटी फायबरची बोट जुनी घेतली. मोटरीपर्यंत ती वर्षातून तीनदा जाते. उरलेले दिवस हे तिच्यात गळ टाकून बसतात. मासा लागलाच तर सोडून देतात, कारण घरात मी आणि सासूबाई दोघी माळकरी. ट्रॉली पिंपळगावला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून करून घेतली आहे, आणि या सगळ्या संसारात माझा जीव कुणी खाल्ला असेल तर त्या ट्रॉलीच्या मागच्या दोन लाल दिव्यांनी.

बोट पाण्यात उतरवायची म्हणजे ट्रॉलीही उलटी पाण्यात घालावी लागते. दिवे, वायर, जोड सगळं बुडतं. पाणी खारं असलं की परत येईपर्यंत कुठला तरी दिवा रुसतो. आम्ही बल्ब बदलले, होल्डर बदलले, मग एलईडी बसवले, सगळी वायर तीनदा नवी ओढली. ज्याला विचारावं तो एकच सांगे, खाऱ्या पाण्यापुढे कुणाचं चालत नाही.

न जायचं ठरलं ते मागच्या वर्षीमुळे. परतताना तोरंगणच्या घाटात दिवस मावळला. भास्करराव चालवत होते. मागून मोटारसायकलवर काशिनाथ येत होता, चाळिशीचा शेतकरी, मोखाड्याचा बाजार करून घाटावरच्या आपल्या पाड्याला निघालेला. ट्रॉलीचे दोन्ही दिवे बंद पडले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. वळणावर भास्कररावांनी ब्रेक दाबला, मागे काहीच लागलं नाही, आणि काशिनाथ सरळ ट्रॉलीवर येऊन आदळला. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भास्करराव पुन्हा पुन्हा सांगत होते, "निघताना बघितले होते मी. दोन्ही लागत होते." आणि मी तिथे सगळ्यांच्या देखत, काशिनाथच्या भावाच्या देखत म्हणाले, "बघितले असते तर बंद कसे असते? घसा फोडून सांगते मी यांना, निघताना लाईट बघत जा."

पुढे महिनाभर ते "बघितले होते गं" म्हणत राहिले. मग म्हणायचे थांबले. मी धरून चालले की चूक पटली. त्यानंतर त्यांनी बोटीची गाडी हातात घेतली नाही. दर दोन महिन्यांनी बेदाण्याची पिशवी घेऊन एसटीने काशिनाथकडे जाऊन बसायचे. कुणी विषय काढला तर स्वतःच सांगायचे, लाईट बघायचे राहिले माझ्याकडून. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं खरं.

तर सप्टेंबरअखेर घोलवडहून दिनेशभाऊजींचा फोन आला. ते यांचे कॉलेजचे मित्र, तिकडे त्यांची चिकूची वाडी आहे. फोन ठेवून भास्करराव माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू चालवशील का?" वर्षभरात त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले, पण अट घातली. ट्रॉलीची वायर सगळी नवी, दिवे नवे, आणि या खेपेला एक जरी दिवा विझला तर परत येऊन बोट विकायची. त्यांनी त्यालाही मान हलवली.

तयारीला दोन दिवस गेले. वायर चांगल्या प्रतीची आणली, ती ठिबकच्या नळीतून ओवून ट्रॉलीच्या पोटाखालून नेली. जोडांवर द्राक्षाच्या कलमाला बांधतो ती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे ट्रॉली धुतली. नदीत उभी राहून राहून तिच्यावर शेवाळ धरतं, आणि ते घालवायची माझी एक युक्ती आहे, किंवा होती. फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत मूठभर मोरचूद टाकायचं आणि ट्रॅक्टर चालू करून जोरात झोत मारायचा. शेततळ्यातलं शेवाळ आम्ही असंच घालवतो. ट्रॉली दहा मिनिटांत लख्ख होते. ही युक्ती मी याच ब्लॉगवर मोठ्या तोऱ्यात दिली होती. तो लेख आता काढून टाकला आहे, का ते पुढे कळेलच.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. बोलेरोमागे बोट म्हणजे एकूण लांबी सव्वादोन गाड्यांची, त्यात चालवणारी बाई, त्यामुळे नाशिक ओलांडेपर्यंत प्रत्येक सिग्नलला काच खाली करावी लागली. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, गंगापूर धरणावर का?" समुद्रावर म्हटल्यावर तो हसला आणि हात जोडले. शहरातून जायचं असेल तर सातच्या आत बाहेर पडा. ट्रॉली घेऊन रिव्हर्स मारायची वेळ भर चौकात कुणावरही येऊ नये.

त्र्यंबकच्या अलीकडे डिझेल भरलं. जाऊन येऊन पाच हजारांच्या आत भागतं, मागे वजन असलं की गाडी पिते. पंपावर मी खाली उतरून दिवे तपासले. भास्करराव आत बसून ब्रेक दाबत होते, मी मागे उभी. डावा लागला, उजवा लागला, इंडिकेटर लागले. पंपावरच्या पोऱ्यालाही दाखवले, साक्षीदार असावा म्हणून.

पुढे घाट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा रस्ता बघण्यासारखा असतो, भात पोटरीत आलेला, डोंगर अजून हिरवे, ओहोळ वाहते. पण खड्डेही पावसाळ्याचेच. ट्रॉलीसह ताशी तीसच्या वर जायचा विचार करू नका. तोरंगणच्या वळणावर भास्कररावांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर मी तेव्हा मनात म्हणत होते, बघा, तपासून निघालं की असं निवांत जाता येतं.

जव्हारला साडेदहा वाजले. बाजाराच्या टोकाला एका बाईच्या खानावळीत तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा मिळाला. दोघांचं पोटभर दोनशेच्या आत. हात धुऊन आले आणि सवयीने ब्रेक दाबायला सांगितला. डावा दिवा लागला नाही. पुन्हा दाबायला सांगितला. उजवा मिणमिणला आणि तोही गेला.

भास्करराव उतरून मागे आले, हात पाठीमागे बांधून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "विकून टाकू."

त्यांच्या आवाजात चीड नव्हती, दुःखही नव्हतं. मलाच भडभडून आलं. ट्रॉली तर अजून समुद्राच्या वाऱ्यालासुद्धा लागली नव्हती. मी म्हणाले, "अहो पण मी आत्ता पंपावर बघितले होते." आणि हे म्हणताना काहीतरी खटकलं, पण काय ते धड कळलं नाही. ऊन चढत होतं, मान आखडली होती. भर दिवस होता म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल फडकं बांधलं आणि कासा, चारोटी करत अडीच वाजता घोलवड गाठलं. दिनेशभाऊजींनी ताटं वाढून ठेवली होती. मी दोन घास खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

दुसरा दिवस

भरती दुपारी तीनला होती. भास्करराव आणि दिनेशभाऊजी पहाटेच खाडीवर उतरायची जागा बघायला गेले. मी ट्रॉली घेऊन डहाणूला जनूमामांकडे गेले. हे तिकडचे बोटींच्या इंजिनांचे आणि वायरिंगचे जुने कारागीर, साठीच्या पुढचे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि एक बाक. मी वायर कशी नवी घातली, नळी कशी ओवली, पट्टी कशी बांधली सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की खाऱ्या पाण्यापुढे इलाज नाही.

त्यांनी कलमपट्टी सोडली, जोड उघडला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. तांब्याच्या तारा निळ्या-हिरव्या भुग्यात बुडाल्या होत्या. बोटाने ओढल्यावर वायर नुसती हातात आली.

"ट्रॉली कधी घातली पाण्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, अजून घातलीच नाही. वायरही तीन-चार दिवसांपूर्वीची.

"मग मीठ कुठून येल? मिठाला येवढी घाई नसते, बाई. तो सावकाश खातो, फुगवतो, पापुद्रे काढतो. ह्यो चार दिवसांचा खेळ नाय त्याचा." मग त्यांनी दिव्याचा लोखंडी बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. "आणि ह्यावर तांबं कुणी चढवलं?"

बोल्ट तांबूस झाला होता. नवा लोखंडी बोल्ट, आणि त्यावर पातळ, लालसर, चकचकीत थर.

द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको, इतरांसाठी सांगते. आम्ही बागेवर बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद, जे तांब्याचाच क्षार असतं, आणि चुना यांचं मिश्रण. चुना पुरेसा पडला का हे बघायला त्यात लोखंडी विळा बुडवतात. विळा होता तसा राहिला तर मिश्रण जमलं. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, ते पान जाळतं आणि लोखंडही खातं. पंचवीस वर्षं विळा मी बुडवते आहे. आमच्या घरात ते काम माझं. तो थर मी अंधारातही ओळखेन, आणि इथे तर माझ्या तळहातावर ऊन पडलं होतं.

मोरचूद, आणि तेही चुन्याशिवाय. वरून ब्लोअरचा झोत, म्हणजे पट्टीच्या आत, नळीच्या आत, जिथे पावसाचं पाणीही शिरलं नसतं तिथे मी ते दाबून भरलं होतं. आणि हे याच वर्षी नाही. दरवर्षी, जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा. मीठ होतंच, पण मिठाला वाट मी करून देत होते.

मी बाकावर बसले. जनूमामांनी चहा मागवला. त्यांना वाटलं असावं की मला ऊन लागलं. माझ्या डोक्यात पंप आणि जव्हार फिरत होतं. पंपावर दिवे लागत होते. मी बघितले होते. चार खड्डे लागले आणि आतून खाल्लेला जोड सुटला. म्हणजे मागच्या वर्षीही निघताना दिवे लागत असणार. म्हणजे त्यांनी बघितले होते.

जनूमामांनी दुपारपर्यंत सगळं नव्याने केलं, आणि काय केलं ते नीट लिहिते, कारण याच माहितीसाठी बरेच जण इथवर आले असतील. प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर दिली. आमचं अर्थिंग ट्रॉलीच्या सांगाड्यातून होतं, आणि गंजलेला सांगाडा म्हणजे अर्धी तुटलेली तारच. वायर कल्हई केलेली वापरली. जोड पिळून सोडले नाहीत, झाळले, म्हणजे सोल्डर केले, त्यावर आतून डिंक सुटणारी नळी तापवून आवळली, आणि गाडीकडच्या प्लगमध्ये ग्रीस भरलं. पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. त्यांनी दोन्ही दिवे ट्रॉलीवरून काढून एका सागाच्या फळीवर बसवले. फळी दोन आकड्यांनी बोटीच्या मागे टांगायची. पाण्यावर पोचलं की प्लग काढायचा, फळी उचलून गाडीत ठेवायची, आणि मग ट्रॉली पाण्यात घालायची.

"दिवे पाण्यात घालायचेच कशाला?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नाही. मजुरी आणि सामान मिळून अठराशे झाले. धुवायचं कसं, हे मी विचारलं. साधं गोडं पाणी, बादलीने, आणि झोत अजिबात नको, म्हणाले.

भास्करराव तिथे असते तर कदाचित तेव्हाच सांगून मोकळी झाले असते. ते खाडीवर होते. मी तिथे पोचले तर त्यांनी फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मिठानेच ना?" मी म्हणाले, "जनूमामा म्हणाले सगळं नीट होईल." खोटं बोलले नाही, असं मनाशी म्हणत राहिले. पण हो म्हटल्यासारखंच होतं ते.

बोट उतरली. दीडेक तास खाडीच्या तोंडाशी होतो. पाणी गढूळ, वारा बेताचा, लांब मासेमारीच्या बोटी. भास्कररावांनी गळ टाकला. कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण मला दिसत होतं, ते दर थोड्या वेळाने मागे वळून किनाऱ्यावरच्या ट्रॉलीकडे बघत होते. वर्षभर हा माणूस असाच मागे बघत जगला. मी बोटीचा काठ धरून खाली मान घालून बसले. दिनेशभाऊजी म्हणाले, वहिनींना बोट लागते. मी म्हणाले, हो.

संध्याकाळी वाडीत चिकूच्या झाडाखाली खाटेवर पडून राहिले. दोनदा सुरुवात केली. एकदा दिनेशभाऊजी आले, एकदा माझंच धैर्य झालं नाही. हे वाचणाऱ्या बायकांना माहीत असेल, नवऱ्याची चूक सांगायला आपल्याला वेळकाळ लागत नाही. आपली सांगायची तर वारं, वेळ, माणसं, सगळंच आडवं येतं.

तिसरा दिवस

घोलवडहून दहाला निघालो. डाव्या हाताला चिकूच्या वाड्या, मधूनच समुद्र दिसतो आणि मग बराच वेळ दिसत नाही. वाटेत एका बाईकडून चिकू घेतले, चिकू घेताना वरचा भुसा नखाने खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर दोन दिवस थांबावं लागतं. दर पन्नास किलोमीटरला थांबून दिवे बघितले. लागत होते. भास्कररावांनी एकदाही सुटकेचा श्वास टाकला नाही. अट मोडली होती, त्यामुळे बोट विकायची, हे त्यांनी मनाने धरूनच टाकलं होतं. मोखाड्याच्या पुढे म्हणाले की पिंपळगावच्या एकाने मागे विचारलं होतं, त्याला सोमवारी फोन लावतो.

घाट चढून गेल्यावर चारच्या सुमारास ते म्हणाले, "काशिनाथकडे जाऊन येऊ. तू गाडीत थांबलीस तरी चालेल." दवाखान्यानंतर मी त्याच्याकडे एकदाही गेले नव्हते. मी म्हणाले, येते.

रस्त्यापासून पाच मिनिटांवर घर. अंगण सारवलेलं, बाजूला नागलीचा, म्हणजे नाचणीचा, तुकडा. काशिनाथ ओट्यावर बसला होता, काठी शेजारी. चालताना तो उजवा पाय थोडा ओढतो. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. भास्कररावांनी बेदाण्याची पिशवी ठेवली, पाय कसा आहे विचारलं, आणि मग चहाचा घोट घेऊन सवयीनं म्हणाले, "मी त्या दिवशी लाईट बघितले असते तर..."

काशिनाथ नागलीकडे बघत होता. हे वाक्य त्याला पाठ झालं असणार.

"बघितले होते त्यांनी," मी म्हणाले. "चूक त्यांची नाही. माझी आहे."

एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगितलं. मोरचूद, ब्लोअर, तांबूस बोल्ट, पंपावर लागणारे आणि जव्हारला बंद पडलेले दिवे. दवाखान्यात मी काय बोलले होते तेही पुन्हा बोलून दाखवलं, कारण ते याच माणसाच्या घरच्यांसमोर बोलले होते. सांगताना मी काशिनाथकडे बघत होते. भास्कररावांकडे बघायचा धीर नव्हता.

काशिनाथने उजवा पाय हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाला, "कोनाची का चूक आसंना ताई. पाय तं माजाच मोडला."

मी म्हणाले, हो.

"आन् त्यो आता हाय तसाच ऱ्हानार." त्याने काठी इकडची तिकडे केली. "पन हे भाऊ दर टायमाला येतात, आन् दर टायमाला तेच बोलतात. मला कटाळा आला व्हता. मानूस चांगला हाय, पन त्याला दुसरं काय बोलताच येत नाय, आसं वाटायचं." मग तो भास्कररावांकडे वळला. "आता दुसरं काय तरी बोला, भाऊ."

भास्कररावांनी चहा संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा ठेवला. मग नागलीवर करपा पडलाय का, असं विचारून काशिनाथबरोबर वावराच्या बांधापर्यंत चालत गेले. मी आणि त्याची बायको अंगणात बसून राहिलो. तिने मला आणखी चहा विचारला. मी नको म्हणाले तरी तिने दिला.

परत आल्यावर भास्करराव माझ्यापुढे हात करून उभे राहिले. मला आधी कळलंच नाही. मग मी किल्ली दिली. वर्षाने ते त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले. निघण्याआधी स्वतः उतरून मागे गेले, मला ब्रेक दाबायला लावला, आणि मागून त्यांचा आवाज आला, "लागले."

त्र्यंबकजवळ आलो. दिवस कलला होता, समोरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे लावले होते. मग ते म्हणाले, "म्हणजे मी बघितले होते."

"हो."

"दोन्ही लागत होते."

"हो. लागत होते."

"तुला कधी कळलं?"

"काल. जनूमामांकडे."

"काल," ते म्हणाले, आणि पुढे निफाडपर्यंत बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी सीटला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मला आलेला थकवा प्रवासाचा नव्हता.

घरी

दुसऱ्या दिवशी ट्रॉली मी विहिरीच्या पाण्याने, बादलीने धुतली. कंबर गेली, पण धुतली. दिव्यांची फळी गोठ्यात कोरड्या जागी टांगली आहे. प्लगमधलं ग्रीस दर महिन्याला बघायचं ठरवलं आहे. ब्लोअर ट्रॉलीच्या जवळही न्यायचा नाही. तुमच्यापैकी कुणी माझी जुनी युक्ती वाचून शेवाळ मोरचुदाने धुतलं असेल, तर कृपा करून आजच सगळे जोड उघडून बघा. बोल्ट तांबूस दिसला तर वायर सगळी काढून टाका, वरून चांगली दिसली तरी. दिवा उभ्या गाडीत लागतो म्हणजे तो ठीक आहे, असं मुळीच नाही. खड्ड्यांतून गेल्यावर उतरून पुन्हा बघा. आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने लागतात म्हणून सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

बोट विकली नाही. सोमवारी पिंपळगावला फोन गेला नाही आणि मीही आठवण केली नाही. काशिनाथकडे पुढच्या खेपेला आम्ही दोघं जाणार आहोत. त्याच्या पायासाठी आणखी काही करता येतं का, हे मी नाशिकच्या एका डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. फार होईल असं ते म्हणाले नाहीत.

आणि भास्करराव. ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत, अजूनही जेवताना मीठ मागतात, छाटणीच्या मजुरांचं माझ्याशी बोलून ठरवतात. पण परत आल्यापासून मी एक गोष्ट रोज ऐकते. सकाळी दूध घालायला गेलो की डेअरीवर, संध्याकाळी नणंदेच्या फोनवर, काल छाटणीवाल्यांना चहा देताना, कुणी विचारो न विचारो, ते मध्येच सांगतात, "मागच्या वर्षी लाईट बघितले होते मी. निघताना. दोन्ही लागत होते." समोरचा म्हणतो, बरं. आणि ते पुढच्या विषयावर जातात.

मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि हातातलं काम थांबवते. मग दिवे गेले कशाने, असं कुणी विचारलं तर ते माझं नाव घेत नाहीत. गप्प बसतात. ते सांगायचं काम त्यांचं नाही, माझं आहे, म्हणून हे लिहिलं.